विंगेतली मैत्रीण

तसं काम साधंच होतं. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी एक जुनं नाटक वाचून रेकॉर्ड करायचं, तेही भर दुपारी. तरी बूथचं जाड दार लागलं आणि ते आतून उघडतंय ना, हे मी लगेच वळून पाहिलं. मी मुळातच पाल चुकचुकली तरी दचकणारी. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टदादा हसले. "घाबरू नकोस. आजवर आत गेलेले सगळे परत बाहेर आलेत."

पान उलटलं आणि ते वाक्य आलं. "दिवा विझवू नका..." पुढचं समोर छापलेलं असूनही जीभ टाळ्याला चिकटली.

आठवीत शाळेनं हेच नाटक बसवलं तेव्हा मी याच वाक्यावर अडले होते, भरल्या सभागृहासमोर. विंगेत पुस्तक धरून माझी बाकमैत्रीण उभी होती. मध्येच खोकला येऊ नये म्हणून खोकल्याची गोळी चघळत. तिनं पुढचे शब्द तीनदा सांगितले. मला ऐकू आले होते, पण भीतीनं तोंडच उघडेना. नंतर बाई कडाडल्या तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवलं. "हिनं सांगितलंच नाही." बाईंनी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या खोकल्यानंच ती गेली.

बूथमध्ये आता खोकल्याच्या गोळीचा वास येत होता.

आणि हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, कुणीतरी पुढचं वाक्य कुजबुजलं... "ज्याला घर सापडलं नाही, तो अजून वाटेत आहे."

मी ते म्हटलं. मग माईकसमोरच कसंबसं बोलले, "तू सांगितलं होतंस गं... खोटं मी बोलले." आणि कितीतरी वेळ नुसती रडत बसले.

दादांनी दार उघडून मला बाहेर बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आत अजून कोण होतं?"

"कुणी नाही... का?"

"हे ऐक."

रेकॉर्डिंगमध्ये, मी रडत होते त्या वेळात, कुणीतरी कुजबुजत होतं. मी अजून न वाचलेल्या पानांवरची वाक्यं, एकेक करून. प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबून, मला म्हणायला पुरेल इतकंच. दादा पुस्तकावर बोट फिरवत जुळवत गेले. शब्दन्‌शब्द जुळला.

शेवटचं वाक्य तेवढं पुस्तकात नव्हतं.

"आता बोट खाली घे गं."

मी हाताकडे पाहिलं. माझ्या उजव्या हाताचं बोट काचेतून बूथच्या रिकाम्या कोपऱ्याकडे रोखलेलं होतं. केव्हापासून, कोण जाणे... आणि ते खाली येत नव्हतं.