पंचमीचं मौन

बासरच्या सरस्वतीपुढे द्वारकाबाई नवस बोलल्या, तेव्हा त्यांचा महिपत दहावीला होता. 'लेकाला विद्या दे माय, दर शुद्ध पंचमीला दिवे लागेपर्यंत मी मौन धरीन.' विद्या मिळाली. पंच्याण्णव साली तो हैदराबादेत संशोधन करत होता.

दिवाळीला उटनूरला घरी आला, तेव्हा देवघरातली दोन निरांजनं पुढ्यात ओढून त्यानं आईला आपलं संशोधन समजावलं, "आये, एका कणाची दशा दुसऱ्या कणावर न्यायची. जशी इकडची ज्योत तिकडं. पण तिकडं पेटली का इकडची इझतेच."

"अन् मधात वारा आला तं?"

"मंग कुठंच उरत नाई. आमची सारी लढाई त्या वाऱ्याशीच."

"इतकं शिकून दिवे इझवून राह्यला काय रे!" त्या हसल्या.

माघातल्या पंचमीला भर दुपारी त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. एकाएकी तापलेल्या तारेचा वास आला. पाहतात तर चुलीजवळ महिपत! त्या वेळेला कोणतीच बस नव्हती. तव्यावरची हवा हलते तशा त्याच्या कडा हलत होत्या. गुडघ्यांखाली... काहीच नव्हतं.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "बोलू नको आये... थोडंच यायचं राह्यलं..."

मौन तर होतंच. तोंडात पदर कोंबून त्या बसून राहिल्या. पोटऱ्या आल्या, घोटे आले... पण त्याचे गाल इतके खोल गेलेले, की आईच्या तोंडून निघूनच गेलं, "जेवला काय रे?"

चुलीजवळ नुसती राख भुरभुरली.

संध्याकाळी फोनवाले सुधाकरराव धापा टाकत आले. "वहिनी, हैदराबादेहून फोन... महिपत त्याच्या प्रयोगाच्या यंत्रापुढं बसून हाय. श्वास चालू हाय. पण हाका मारल्या तं... आत कोणी नाईच."

त्याला घरी आणून तीन वर्षं झाली. द्वारकाबाई घास भरवतात, तो गिळतो. डॉक्टरांनी हात टेकले. मौन मात्र त्यांनी सोडलं नाही. पंचमीच्या दुपारी चुलीमागच्या भिंतीवर महिपतची सावली उमटते, डोक्याकडून खाली. पहिल्या वर्षी ती कमरेपर्यंत आली होती. यंदा खांद्यापर्यंतच... आणि तिच्या शेजारी आणखी एक होती, पुरती, पायांसकट. ती कोणाची, द्वारकाबाईंना ओळखू आली नाही.

ही कहाणी ऐकणाऱ्या बाई, एकट्या द्वारकाबाईंचं मौन पुरत नाही असं दिसतं. येत्या पंचमीला तुम्हीही दिवे लागेपर्यंत गप्प राहा. समोर कोणीही आलं तरी.