नमिताच्या हॉलमधलं पिनबॉल

पटो वा न पटो, यातला एक शब्दही माझ्या मनाचा नाही. हे घडलं वाशीत, गेल्या दिवाळीत, माझ्या मैत्रिणीच्या म्हणजे नमिताच्या घरी.

भाऊबीजेला तिचा सख्खा भाऊ भावेश टेम्पो घेऊन आला. पावणे एमआयडीसीत त्याचा रिपेअरिंगचा गाळा आहे. टेम्पोत एक जुनं पिनबॉल मशीन होतं. स्प्रिंग ओढून सोडली की लोखंडी गोळी धावायची, घंट्या वाजायच्या, आकड्यांची चाकं फिरायची. समोरच्या काचेवर रंगवलेली बोट, विमान, लंडन, सिंगापूर...

"ताई, ओवाळणी समज. घेतेस ना? हो म्हण ना."

"हो रे बाबा, घेतलं!" नमिता हसली.

तिच्या सासऱ्यांना, आप्पांना तर खेळणंच मिळालं. जन्मात कधी वाशी न सोडलेले आप्पा रोज दुपारी लंडनला जाऊन यायचे.

एका दुपारी आप्पा आत झोपले होते. नमिता भांडी आवरत होती.

हॉलमधून आवाज आला.

टिंग...

तिने डोकावलं. मशीनपाशी कोणी नव्हतं. चाकं फिरत होती.

आणि प्लग... खाली लोंबत होता.

ती मागे वळली. आप्पा दारात उभे. अंगात इस्त्रीचे कपडे, हातात बॅग.

"पोरी, बोट लागली हाय. मना निगाला पायजे."

तिने त्यांना कसंबसं सोफ्यावर बसवलं आणि बाल्कनीत जाऊन भावेशला फोन लावला.

"भावेश, आप्पा कसेतरीच करतायत रे..."



तो हळूच म्हणाला, "बॅग भरली का त्यांनी?"

 बॅगेचं नमिता बोललीच नव्हती.

"तुला कसं माहीत?"

"आमची रुतिका पण भरायला लागली होती गं. मशीन भंगारात दिलं, तर सकाळी परत गाळ्यात. कोणी आपणहून घेतलं तरच जातं ते."

"आणि तुला माझंच घर दिसलं?"

"माझी पोर होती, ताई..."

हॉलमध्ये घंट्या वाजल्या. सगळ्या... एकदम.

ती धावत आत आली. फ्लॅटच्या दाराला आतून कडी होती.

सोफा रिकामा होता.

पोलीस झाले, करावे जेट्टी झाली, खाडी झाली. आप्पा लिफ्टच्या कॅमेऱ्यात नाहीत, जिन्याच्या कॅमेऱ्यात नाहीत. अजून सापडलेले नाहीत.

नमिताने भावाचं तोंड पाहिलं नाही. माझा हात धरून रडली होती ती. "त्याने माझं केलं, ते मी कोणाचं करणार नाही गं."

काल तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"आज तेजसने बॅग काढलीय खाली..."

तेजस तिचा नवरा.

मग म्हणाली, "तुझा हॉल मोठा आहे ना गं?"

मी फोन कट केला. तेव्हापासून तो वाजतोय. मी उचलत नाही.

तिला ठाऊक आहे, मला सगळं ठाऊक आहे.

तरी तिने विचारलं.