गुरुवारी मिटणारं झेनिया

"ओ मॅडम, टाकीत हात नको!"

अक्षता दचकून मागे सरकली. मुलुंडच्या त्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर तिचा तिसराच दिवस होता. दारात दोन बादल्या आणि खांद्यावर पाइप घेऊन एक तरुण उभा होता. मरोळ गावठाणातला डेल्रॉय. दर गुरुवारी खाऱ्या पाण्याची ही शोभेची काचेची टाकी साफ करायला यायचा.

"हात कुठे घातलाय? बघतेय फक्त. हे... मुठी उघडतंय, मिटतंय. काय आहे?"

"झेनिया. मऊ कोरल, प्रवाळाचा प्रकार. नवीन टाकीत आधी हेच लावतात. चिवट असतं, पटकन मरत नाही. पण पाणी जरा बिघडलं ना, की मुठी मिटून बसतं. मापं नंतर घ्यायची, आधी याच्याकडे बघायचं."

"म्हणजे रुसतं?"

"तुझ्याइतकं लवकर नाही."

तिसऱ्या दिवशीच एखाद्याने असं बोलावं आणि आपण हसावं, हे अक्षताला पटलं नव्हतं. तरी ती हसली.

मग गुरुवारची वाट बघणं सुरू झालं. त्या दिवशी ती झुमके घालायची. अकरा वाजत आले की टाकीच्या काचेत बघून केस सारखे करायची, मानेवर परफ्यूमचे दोन फवारे मारायची... कधी तीन. अकराला डेल्रॉय यायचा, पाण्यात हात घालायचा, आणि तेवढ्यात झेनिया मिटायचं.

त्याने पाणी तपासलं. क्षार ठीक, तापमान ठीक. त्याने मीठ बदललं, बादल्या बदलल्या, साबणाने हात धुणंसुद्धा सोडलं. शेवटी अक्षताला म्हणाला, "रोज बघून लिहून ठेवशील?"

तिने लिहिलं. सोमवार, उघडं. मंगळवार, बुधवार, उघडं. गुरुवार, बंद. चार आठवडे तेच.

वही बघून त्याने स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे मी येतो त्याच दिवशी. माझ्याच हाताला काहीतरी लागतंय यार."

"असं कसं असेल?"

"मग काय असेल, तू सांग."

त्याच संध्याकाळी त्याने डॉक्टर मॅडमना फोन केला: पुढचा गुरुवार शेवटचा, नंतर दुसरा माणूस बघा.

त्या शेवटच्या गुरुवारी अक्षता नेहमीपेक्षा जरा लवकरच टाकीसमोर उभी राहिली. झेनियाच्या मुठी संथ उघडमीट करत होत्या. तिने बाटली उचलली, फवारा मारला. थोडा मानेवर, बराचसा उघड्या पाण्यावर. काही मिनिटांत एक मूठ थांबली. मग दुसरी. मग सगळंच अंग चोरून बसलं.

बाटली पर्समध्ये टाकून गप्प बसता आलं असतं. पण मग आपल्याच हातात खोट आहे असं समजून तो गेला असता. कायमचा.

अकराला तो आला. बादल्या खाली ठेवायच्या आतच ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही मिटत ते. माझ्यामुळे."

"काय?"

तिने बाटली काउंटरवर ठेवली. "इथेच उभी राहून मारते. पाण्यात पडत असणार."

"रोज?"

"नाही... गुरुवारी."

डेल्रॉयने बाटलीकडे पाहिलं, मग वहीकडे, मग तिच्याकडे. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिच्या नाही, त्याच्या.

"गुरुवारीच का?"

"इतकं पाणी वाचता येतं, आणि हे कळत नाही तुला?"

त्याने परफ्यूम शोषून घेणारी कोळशाची पिशवी फिल्टरमध्ये सोडली, निम्मं पाणी बदललं, शांतपणे काच पुसली. मग आत जाऊन डॉक्टर मॅडमना सांगून आला की दुसरा माणूस नको.

निघताना दारात थांबला. "रविवारी काय करतेस?"

"झोपते."

"किती वाजेपर्यंत?"

"तू फोन करशील तोपर्यंत."