म्हशीचा ब्रेक

रस्त्यावरच्या गाड्या स्वतः चालू लागल्यापासून माणसाच्या हाती स्टिअरिंग यायचं ते फक्त ट्रॅकवर. सिन्नरच्या माळावर असा एक ट्रॅक होता. रविवारी लोक डबे घेऊन येत, दमेपर्यंत गाड्या पळवत आणि परत जाताना आपोआप चालणाऱ्या गाडीत घोरत.

ट्रॅकवर ब्रेकचे फार हाल होतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात, तापतात आणि झिजतात. घाटात महिनाभरात होणारी झीज इथे एका सकाळी होते. म्हणून डॉ. परवीन तांबोळी यांनी 'पायओळखी पॅड' तयार केले होते. या पॅडच्या घासल्या जाणाऱ्या थरात, म्हणजे मसाल्यात, केसाहून बारीक धागे असत. कोणत्या वळणाआधी पाय किती जोरात पडला, हे उष्णतेने त्या धाग्यांच्या ठेवणीत उमटे. काही दिवसांत पॅड चालकाचा पाय ओळखे आणि पाय पडायच्या क्षणभर आधी स्वतःच हलके आवळू लागे.

कुसुम घुगेच्या गाडीत तिच्या भावाचे, रंगनाथचे पॅड होते. तो दोन वर्षांपूर्वी झोपेत शांतपणे गेला, आणि तेव्हापासून पॅड पुरावेत म्हणून ती गाडी क्वचितच पळवी. त्याआधी कित्येक वर्षं ती त्याच्या शेजारी बसून ट्रॅकवर फिरली होती. ट्रॅक नवा असताना तिसऱ्या वळणाआधी एक म्हैस आडवी आली आणि रंगनाथने दोनदा ब्रेक दाबला. म्हैस गेली, सवय राहिली. पुढे पॅडही तिथे दोनदा आवळू लागले. मागचे चालक 'म्हशीचा ब्रेक' म्हणून अंतर ठेवत.

त्या रविवारी ट्रॅकच्या फाटकाशी गाड्या तपासताना परवीनने चाकात बॅटरी मारून पाहिलं. "मावशी, पॅड संपलेत. गाडी आत जाणार नाही."

दादाची आठवण नव्या पॅडमध्ये घाला, असं कुसुमने सुचवलं. परवीनने समजावलं की आठवण मसाल्यातच असते, ती काढून दुसरीकडे भरता येत नाही. पॅड प्रत्येक वेळी आठवतो तेव्हा थोडा झिजतो, आणि ती झीज भुकटी होऊन उडते.

कुसुमने चाकावरून बोट फिरवलं. ते काळं झालं. "म्हणजे दादा इथं बसलाय. तसाही तो गोरा नव्हता."

मग तिने एकच फेरी मागितली. लोखंडावर लोखंड घासलं तर गाडी वेळेवर थांबणार नाही, आणि वळणापुढे कठडा आहे, असं परवीन म्हणाली.

"दादा थांबवील."

"मावशी, थांबवायला आता त्यांच्याकडे काही उरलं नाही."

मग कुसुमनेच पाना उचलला. जुने पॅड तिने रुमालात बांधून भाकरीच्या डब्याशेजारी ठेवले.

कोऱ्या पॅडवर तिने आधी सावकाश फेऱ्या मारल्या, मग जोरात. शेवटची फेरी ब्रेक थंड व्हावेत म्हणून हळू मारली. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, म्हणून आल्यावर चाकाला लाकडी ठोकळा लावला. परवीनने पॅडला यंत्र जोडलं. पडद्यावर रेघ उमटली. तिसऱ्या वळणाआधी तिच्यात दोन बारीक उंचवटे होते.

कुसुमला हसू आवरेना. "आला की हो परत."

परवीनही हसली. मग तिने यंत्रात साठवलेली रंगनाथची जुनी रेघ शेजारी लावली. प्रत्येक वळणाला दोन्ही सारख्या होत्या. तिचं हसू मावळलं.

"मावशी, हे पॅड कोरे होते. हा सगळा तुमचा पाय आहे. पण रेघ त्यांचीच आहे. मग यात तुमचं काय आहे?"

कुसुमने पडद्यावरच्या त्या दोन उंचवट्यांवर बोट ठेवलं. ती म्हैस तिने स्वतः कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी ती नाशिकला लग्नाला गेली होती.

ब्रेक निवल्यावर ती पुन्हा आत गेली. या वेळी तिथे दाबायचं नाही, असं तिने मोठ्याने स्वतःला बजावलं. तिसऱ्या वळणाआधीचा रस्ता उन्हात लख्ख आणि मोकळा होता.

पाय दोनदा पडला. आणि म्हैस पार गेली का, हे बघायला कुसुमची मान डावीकडे वळली.