रिकामी झोळी, टेक सहा

हे खरंच घडलेलं आहे. जव्हारमध्ये कोणालाही विचारा. सांगणारा आधी जवळपास तान्हं मूल नाही ना, ते बघून घेईल.

मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. वावर गावाच्या पुढचा एक पाडा. भर दुपारचे बारा.

सुदर्शन लग्नांचे व्हिडिओ काढायचा. एका संस्थेला देणगीदारांना दाखवायला फिल्म हवी होती. उपासमारीने मूल गेलेली आई, रिकामी झोळी, डोळ्यांत पाणी. चित्र एकदम स्वच्छ, फोर-के.

मोबाईलची मेमरी भरलेली. म्हणून त्याने मोबाईल स्टँडवर लावला आणि वायरने लॅपटॉपला जोडला. मोबाईल बघणार, रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये उतरणार.

आई म्हणजे रखमी. तिची गोदी दिवाळीत गेली. सात महिन्यांची होती.

सुदर्शनची मुलगी योगिताही सात महिन्यांचीच. घरी, जव्हारला.

लुगड्याची झोळी आढ्याला गुंडाळून ठेवली होती. त्याने ती सोडली.

"वहिनी, हलवा. आत मूल आहे असं समजा."

रखमीची सासू गोजाबाई दारातून ओरडली, "रिकामी झोली नको हालवू रं दादा! मुलावर येतं त्ये."

"आजी, तुमच्या घरात आता कुठे मूल आहे?"



"आन् तुझ्या घरात?"

"रेकॉर्डिंग सुरू आहे, आजी. बोलू नका."

टेक एक.

रखमीने झोका दिला. रडली नाही.

"अजून एकदा."

टेक दोन.

"गोदीला हाक मारा."

तिने मारली. आवाज फुटला नाही.

"अजून एकदा. मोठ्याने."

टेक तीन.

रखमी रडली. पण पदर तोंडावर गेला.

"पदर नको, वहिनी. चेहराच दिसत नाही. अजून एकदा."

टेक चार.

रखमीने हात काढला. झोळी थांबली.

लॅपटॉपवर... हलतच होती.

वायरने चित्र जरा उशिरा येतं, हे त्याला ठाऊक होतं. अर्धा सेकंद. फार तर एक.

त्याने मोजलं. दोन... पाच... अकरा.

टेक पाच.

मोबाईलच्या स्क्रीनवर झोळी सपाट.

लॅपटॉपवर... खाली ओढलेली. आत वजन असल्यासारखी.

त्याने वायर काढून पुन्हा लावली. तिथेच आवरायला हवं होतं. पण रखमीचं रडणं आत्ता कुठे जमायला लागलं होतं.

टेक सहा.

रखमी रडेना. काहीतरी गुणगुणत होती.

"रडा ना वहिनी!"

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती लॅपटॉपकडे बघत होती.

लॅपटॉपवर झोळीच्या काठावर... बोटं आली. इवलीशी. मनगटावर काळ्या मण्यांची मनगटी. मधे एक लाल मणी.

काळे मणी कमी पडले म्हणून तो लाल मणी सुदर्शननेच ओवला होता.

त्याने मोबाईल वायरमधून उपटला आणि टेकडीवर पळाला. पाड्यात रेंज येत नाही.

"प्रतिभा, योगू कुठाय?"

"झोळीत. मी झोका देतेच आहे. का हो?"

"उचल तिला."

"आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. उठली तर तुम्ही येणार आहात का..."

"उचल!"

फोनमधून दोरीची करकर ऐकू येत होती... ती थांबली.



मग प्रतिभा म्हणाली, "अहो... मी इथून हलले नाही हो."

योगिता सापडली नाही. पोलीस तीन दिवस प्रतिभाला एकच विचारत होते, मूल कुठे टाकलंस? शेजारणी विचारत नाहीत. नुसत्या बघतात.

चौथ्या दिवशी सुदर्शन पाड्यावर गेला. रखमी नव्हती. ओटीवर गोजाबाई नागली पाखडत होती.

"वीटभट्टीवर गेली. भिवंडीकडं."

"एकटी?"

सूप थांबलं.

"झोली घेऊन गेली."

राहिला तो टेक सहा.

मोबाईल उपटल्यावरही लॅपटॉपने आणखी एकोणीस सेकंद रेकॉर्ड केलं आहे. त्यात रखमी वाकते. झोळीतून मूल उचलते. मूल रडतं. "गोदे, गोदे," म्हणत ती त्याला छातीशी धरते. आणि मनगटीची गाठ सोडायला लागते.

तिथे व्हिडिओ संपतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने गाठीला नुसता हात लावला होता.

दुसऱ्यांदा गाठ सैल होती.

तिसऱ्यांदा लाल मणी खाली लोंबत होता. आणि मूल... रडत नव्हतं.

सुदर्शनने लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली तो कमरेला बांधतो.

प्रतिभाला त्याने गाठीचं सांगितलेलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की त्या कपाटातल्या लॅपटॉपवर तिची योगू दिसते.

रोज दुपारी बारा वाजता ती त्याच्यासमोर येऊन बसते. रडत नाही. हात पुढे करते.

"लावा ना हो. अजून एकदा."