भिंतीपलीकडचा चहा

ड्रिल भिंतीच्या आरपार गेलं तेव्हा इंटरनेट जोडायला आलेल्या तिला वाटलं, काम फत्ते! तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "अहो, कोण आहे तिकडे? माझ्या चहात भिंत पडली!"

ती धावतच पलीकडे गेली. नळांच्या कारखान्याची निर्यात बघणारा तरुण, मालकांचा भाचा, केसांत चुना घेऊन उभा होता. वायरीचं भोक दाराजवळ हवं होतं, आणि हिने माप उलट्या टोकाकडून धरलेलं.

"सॉरी... बुजवून देते."

"भोक राहू द्या. आधी चहा पाजा."

त्या दिवसापासून चहा रोजचाच झाला. परदेशातल्या गिऱ्हाइकांना नळाची चाचणी इथूनच कॅमेऱ्यावर दाखवायची, म्हणून मालकांनी इंटरनेट जोडायला तिला बोलावलं होतं. पण कारकुनाच्या तोंडून तिच्या कानावर आलं, की भाचेसाहेब परदेशातलं नवं ऑफिस सांभाळायला जाणार. तिने धरून चालली, इथलं नेट मार्गी लागेपर्यंतच तो थांबलाय; म्हणजे नेट सुरू झालं की हा निघाला! मग काय, कधी वायर कमी पडायची, कधी राउटर रुसायचा. आपण हे चुकीचं करतोय, हे तिला कळत होतं. पण मन ऐकेल तर ना.

तो मात्र रोज भोकातून विचारायचा, "झालं का?"

"एवढी घाई?"

"आहे... थोडी."

तिचं मन खट्टू व्हायचं.

एका सकाळी पलीकडून मालकांचा आवाज आला. "हे घे तिकीट. नेटचं काही खरं दिसत नाही. आता माणूसच पाठवायला हवा."

न राहवून ती भोकाला तोंड लावून म्हणाली, "आणि नेट लागलं असतं तर?"

मालक दचकून भिंतीकडे बघायला लागले. "तर कशाला पाठवतोय मी ह्याला!"

भाचा धावत तिच्या खोलीत आला. ती मान खाली घालून म्हणाली, "मी मुद्दाम रेंगाळले. वाटलं, तुम्हाला जायची घाई आहे."

"मला राहायची घाई होती हो!"

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं... तुम्हाला काम जमत नाहीये. उगाच वाईट वाटलं असतं तुम्हाला."

ती बघतच राहिली. "म्हणजे मला काही येत नाही, असं वाटत असूनही..."

"असूनही," तो हळूच म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

तिने डोळे पुसले, बाह्या सरसावल्या. चहाची वेळ व्हायच्या आत पडदा उजळला. दूर देशीच्या गिऱ्हाइकाने नळ उघडताना पाहिला, बंद होताना पाहिला. थेंबही गळला नाही. गिऱ्हाईक खुशीत हसलं.

"एवढ्यात झालं? मग इतके दिवस काय करत होतीस, पोरी?" मालकांनी विचारलं.

ती उरलेली वायर गुंडाळायला लागली. भाचा छताकडे बघत राहिला. मालकांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि टेबलावरचं तिकीट गुपचूप स्वतःच्या खिशात टाकलं.

"बरं, ते भोक तेवढं आता बुजवून टाक."

"नको!" दोघं एकदमच म्हणाली.