दादाच्या गाडीची मूठ

मी इंजिनं दुरुस्त करतो. भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. गाडीने आवाज केला तर त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत हाताला चैन पडत नाही, एवढंच मला कळतं. तरी हे सांगतो. पटलं तर पटलं.

दादाला जाऊन तीन महिने झाले होते. गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, वहिनींनी त्याची गाडी टेम्पोतून आणून उतरवली. लांबच्या प्रवासाची, दोन सिलिंडरची, अवजड मोटरसायकल. वहिनी तिला सवत म्हणायच्या. दादा सुट्टीचा अख्खा दिवस तिलाच पुसत बसायचा, म्हणून.

"उद्या गिऱ्हाईक येणार आहे बघायला," त्या म्हणाल्या. "शेजारच्यांनी चालवून पाहिली, पळते चांगली. पण उभी केली की धाप लागते तिला. बघा ना, भाऊजी."

मी चालू केली. उभ्या गाडीचं आयडलिंग खरंच एकसारखं नव्हतं. आरपीएमचा काटा हजारावर थांबायचा, मग हळूहळू सातशेपर्यंत उतरायचा. आता बंद पडणार असं वाटायचं, आणि उचकी लागल्यासारखी उसळून गाडी पुन्हा वर यायची.

असा दोष काही नवा नाही. जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काजळी धरली होती, ती पुसून काढली. कुठून चोरून हवा आत जाते का ते पाहायला रबरी नळ्यांवर स्प्रे मारला. गळती नव्हती. शेवटी स्कॅनर जोडला. त्याच्या लेखी गाडी ठणठणीत होती.

ऊन कललं. शटर अर्धं ओढलेलं, त्याखालून येणारा उजेड फरशीवर आक्रसत चालला होता. पेट्रोलच्या वासात मधूनच दुसराच एक वास येत होता. स्पिरिटचा, वॉर्डात येतो तसा. स्प्रेचा असेल, असं मी मनाला सांगितलं.

मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि दांडा कानाला लावला. आम्ही असंच ऐकतो. आत व्हॉल्व्हची टिकटिक होती आणि तिच्यामागे कुठेतरी घरघर. चढायची, उतरायची, थांबायची. प्रत्येक थांबा किती लांबतो ते मी मोजू लागलो आणि लक्षात आलं, हे मी आधी मोजलेलं आहे, दादाच्या उशाशी बसून.

मान वर केली तर वहिनी स्टुलावरून उठून उभ्या होत्या.

"भाऊजी... हे असंच... त्या दिवशी सकाळी..."

"इंजिन आहे, वहिनी."

"शेवटी तुम्ही होतात ना त्यांच्याजवळ?"

तीन महिने मी या प्रश्नाला हो म्हणत आलो होतो. त्या दिवशी हॉस्पिटलमधून वहिनींना मीच घरी पाठवलं होतं, जरा पाठ टेका, मी आहे म्हणून. दादाने माझा हात धरला होता. बोलता येत नव्हतं त्याला, पण पकड घट्ट होती. तेवढ्यात फोन वाजला, गॅरेजमधल्या कुठल्याशा कामाचा. मी त्याची बोटं सोडवली, 'आलोच' म्हटलं आणि बाहेर गेलो. दहा मिनिटं. परत आलो तेव्हा नर्स मशीनच्या वायरी काढत होती.

"नव्हतो," मी म्हणालो. "हात सोडवून बाहेर गेलो होतो."

काटा सातशेच्या खाली गेला.

वहिनी गाडीजवळ आल्या. मग म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. नर्सने सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगता, याचीच वाट बघत होते." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. "आता तरी धरा."

मी ॲक्सिलरेटरची मूठ धरली. पिळली नाही, रेस दिली नाही, नुसता हात ठेवला. इंजिनाने एक लांब आचका दिला... आणि काटा हजारावर येऊन थांबला. तासभर जागचा हलला नाही. वहिनी टाकीवर डोकं टेकून रडल्या. मीही रडलो. तिन्हीसांजा झाल्यावर त्यांनीच पुढे होऊन किल्ली फिरवली.

गाडी विकली नाही. ती आता माझ्याकडेच असते, गॅरेजच्या कोपऱ्यात, कापड घालून. त्यानंतर कोणी चालू केलेली नाही.

परवा सकाळी झाडताना कापड सरकलं. नीट करायला गेलो आणि सहज मूठ धरली. थंडीचे दिवस, टाकी बर्फासारखी गार, हँडलचा लोखंडी दांडाही गार. काही गाड्यांना मूठ गरम करायची सोय असते, हिला नाही. तरी मूठ उबदार होती. थोडी घामेजलेलीही. मी काही वेळ तसाच उभा राहिलो. मग काम आठवलं, म्हणून पकड सैल केली.

हात लगेच सुटला नाही.